आडवा पडलेला तीळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठीला टाके असल्यामुळे तो मनातल्या मनात वाकून केला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमच्या गॅलरीतलं ते कायम रुसलेलं लिंबाचं झाड, सगळे बरे असतील असं धरून चालते. आम्हीही बरे. म्हणजे बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की बसावंसं. हे पत्रसुद्धा अर्धं ओट्याशी आणि अर्धं खिडकीत उभं राहून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मागच्या भेटीत तू पाय पुसत होतीस तेव्हा तुझ्या घोट्यावरचा तीळ पाहून मी म्हटलं होतं, "ताई, हा पसरलाय गं. कडा वेड्यावाकड्या झाल्यात. दाखवून घे." त्यावर तू म्हणालीस, "वाढतोय तर वाढू दे. भाग्य वाढतंय माझं." मी पिच्छा सोडेना, तेव्हा पाय आखडून घेतलास आणि वर मलाच सुनावलंस, "आधी तुझ्या पाठीवरचा काढून दाखव, मग माझ्या पायाकडे बघ." तुला वाटलं, सुई दिसली की दार शोधणारी ही बाई, ही कसली काढतेय! तर ताई, काढला. पाठीवरचा, जन्मापासूनचा, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला तीळ मी तुझ्या एका वाक्यासाठी कापून दिला. (आमच्या ह्यांना रात्री मलमपट्टी दिसली तेव्हा कळलं. म्हणाले, "अगं, तो मला आवडायचा. निदान विचारायचं तरी!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले हे. वस्तू गेल्यावरच किंमत कळते.)

आता पंचाईत बघ. गावात काढलेला कातडीचा प्रत्येक तुकडा येतो आमच्याच लॅबमध्ये. तू लोकांना सांगतेस "ती तिथे काहीतरी तपासते", पण मी तपासत नाही, तपासतात डॉक्टरीणबाई. मी तुकडा मेणात बसवते, त्याचे केसाहून पातळ काप काढते आणि रंगवून काचेवर चढवते. कातडी मेणात बसवताना ती नेहमी कडेवर उभी करायची, हा आमचा पहिला धडा. उभी केली तरच कापात सगळे मजले दिसतात. गच्चीवर मेलेल्या पेशींची चळत, जिच्यावर आपण आयुष्यभर पावडरी आणि क्रीमं थापतो. (सगळं मढ्याला, ताई! पण हीच मढी आतलं पाणी बाहेर आणि बाहेरची घाण आत जाऊ देत नाहीत, तेव्हा नावं ठेवू नयेत.) त्याखाली जिवंत पेशी, तळाशी जन्मून हळूहळू वर सरकणाऱ्या आणि गच्चीवर पोचेपर्यंत मरणाऱ्या. त्याच्याही खाली दोरखंडासारखे धागे, रक्तवाहिन्या, गुंतवळासारख्या घामाच्या ग्रंथी आणि दाब ओळखणारी, कापलेल्या कांद्यासारखी दिसणारी गाठोडी. आणि जिवंत मजल्याच्या अगदी तळाला, जोत्यावर, अधूनमधून बसलेल्या रंगवाल्या पेशी. त्या स्वतः रंग बनवतात आणि शेजारणींना वाटतात. शेजारणी तो रंग उन्हाच्या बाजूने डोक्यावर छत्रीसारखा धरतात. मला या रंगवाल्यांचं फार कौतुक आहे. तीळ म्हणजे त्याच बायका घोळका करून गप्पा मारत बसलेल्या. घोळका जागच्या जागी असला, खाली उतरत जाणाऱ्या लहान आणि गप्प होत गेल्या, तर काळजी नाही. एखादी उठून भलत्याच मजल्यावर हिंडायला लागली, की मात्र डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढतात.

आमच्याकडे नियम आहे की आपला किंवा आपल्या माणसाचा तुकडा हातात घ्यायचा नाही. तो शेजारच्या टेबलावर द्यायचा. शेजारच्या टेबलावर आमच्या गाणाऱ्या बाई बसतात. त्या काम करताना गुणगुणतात, आणि माझा तीळ कुणाच्या तरी गुणगुणण्यावर जावा हे मला सहन होईना. त्या चहाला गेल्या आणि मी माझ्याच तुकड्याचा डबा उघडला. बोटभर अंतरावर तो एवढासा तपकिरी तुकडा. पाठीवर असताना मी कधी धड पाहिलेलाही नाही, आरशात मान मोडून काय दिसणार! चिमट्याने उचलला आणि हात असा थरथरायला लागला की मेण गोठायच्या आत तुकडा बसवला खरा, पण उभा नव्हे, आडवा. पालथा झोपवला. इतकी वर्षं नव्या मुलींना यावरून टोमणे मारणारी मी!

व्हायचं तेच झालं. डॉक्टरीणबाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि तिथूनच ओरडल्या, "ही गच्ची कुणी आणून दिली मला? मला जिना हवाय, जिना! किती काप वाया घालवले?" मी तोंड उघडायच्या आत गाणाऱ्या बाई म्हणाल्या, "माझं चुकलं, मॅडम. आणा, मी परत बसवते." आणि माझ्याजवळून जाताना हळूच, "तुझाच ना? दिसतंय तुझ्या तोंडावर. आता बाहेर जाऊन बस, मुकाट्याने." त्यांनी मेण वितळवलं, उरलेला तुकडा कडेवर उभा केला. पुरेल का, हे कुणीच सांगेना. मी बाहेरच्या बाकावर बसले, उठले, पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, तहान नव्हती, परत आले. सगळ्या अंगाला खाज सुटली. आत गुणगुणणं चालू होतं आणि, खरं सांगते, ते थांबू नये असं वाटत होतं.

तर अशी कहाणी. रिपोर्ट अजून हातात नाही, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस आणि धावतपळत तर मुळीच येऊ नकोस. भावजींना नमस्कार. लिंबाला पाणी बेतानेच घाल.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच निरोप आला. तुकडा पुरला. घोळका जागच्या जागी, गप्पा संपवून झोपायला निघालेला. साधा तीळ. मला ते आधीपासून माहीत होतं.

ता. क. दुसरा. होय, माहीत होतं. मग हात का थरथरला, हे तू विचारणारच. चिमट्यात माझा तीळ होता, पण डोळ्यांपुढे तुझा घोटा होता. त्या घोट्यावरचा तुकडा समोर आला तर मी काय करीन, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणून वरचं "येऊ नकोस" खोडलं असं समज. तुझी अट मी पुरी केली आहे, टाके मोजायला ये. तुझा तुकडा गाणाऱ्या बाई बसवतील, मी हातही लावणार नाही. मी बाहेरच्या बाकावर तुझ्याजवळ बसेन. मात्र एका जागी बसेन असं वचन देत नाही.