वॉशिंग मशीनशेजारचं खातं

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नसणार, हे इथे बसून कळतं. मी बरा आहे, म्हणजे परवापर्यंत होतो.

एकतीस वर्षं मी खात्यात जावक कारकून. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची, संपलं. पण आमच्या साहेबांना सरकारी ईमेल आवडत नाही. (कोणीही तपासू शकतं म्हणे. तपासता यावं म्हणूनच तो आहे, हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच.) म्हणून त्यांनी स्वतःचा सर्व्हर घेतला आणि घरी वॉशिंग मशीनशेजारी मांडला. मंजुऱ्या, बदल्या, गोपनीय अहवाल, सगळं तिथून. साहेबांच्या सासूबाई कपडे धुताना त्याचा प्लग काढून मशीनचा लावायच्या. तेवढा वेळ अख्खं खातं मुकं, आणि आम्ही खिडकीवरच्या लोकांना 'तांत्रिक अडचण' सांगत बसायचो. चादरी असल्या की अडचण दुपारपर्यंत चालायची.

परवा चौकशी समिती येणार असं कळलं आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला बोलावून चक्क खुर्ची दिली (तेव्हाच ओळखायला हवं होतं). म्हणाले, "घरचं ते सर्व्हरचं खोकं कुठेतरी हलवा, कुठे ते मलाही सांगू नका. नाहीतर सर्व्हर तुमच्याच सल्ल्याने घेतला, असं लिहून द्यावं लागेल मला." मामा, निवृत्ती सात महिन्यांवर आली आहे. पेन्शन गेली तर खाऊ काय? त्या माणसाचा असा संताप आला की मी ताडकन उठलो आणि "हो साहेब" म्हणालो.

खोकं काल रवाना केलं. सुटलो एकदाचा.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. : एव्हाना तुमच्याकडे एक जड खोकं आलं असेल. माळ्यावर टाका. जन्मभर शाळेत मूल्यशिक्षण शिकवलेल्या माणसावर कोण संशय घेणार?

ता.क. दुसरा : घोटाळा झाला. हात सवयीने चालला. खोक्यावर जावक क्रमांक पडला आणि वहीत तुमच्या पत्त्यापुढे नोंद झाली : 'विषय : साहेबांचा खासगी सर्व्हर लपवणेबाबत. संदर्भ : साहेबांचा तोंडी आदेश.' वही आज सकाळी समितीने नेली. माणसं सभ्य वाटली, त्यांना चहा द्या आणि खोकंही देऊन टाका. पण पोच सहीशिक्क्यासह घ्या. पेन्शनच्या कागदांना जोडायची आहे.