मांजर पेटेना

मंगळवार, ९ एप्रिल
सकाळी, चहा झाल्यावर

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावाच लागतो, मनातून किती निघाला ते विचारू नकोस. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतंय कोण. भाचीची परीक्षा कशी झाली? तिला म्हणावं, आत्याने करवत शिकवायचं कबूल केलंय, ते लक्षात आहे.

झाली ख्यालीखुशाली. आता तुझ्याकडे वळते.

काल समितीच्या कचेरीत गेले होते. आपला शिल्प जाळायचा उत्सव होऊन आठ दिवस झाले तरी किनाऱ्यावरची राख आणि खिळे कुणी उचलले नाहीत, तेवढंच विचारायला. कारकुनाच्या टेबलावर एक कागद होता, तो मी समोरून उलटा वाचला. शाळा मला चारच वर्षं मिळाली, बाकीचं सगळं मी असंच दुसऱ्याच्या टेबलावरून शिकले. त्यात लिहिलंय की शिल्प पेटवणारा माणूस दारू प्यायलेला होता, मनाई असताना जवळ गेला आणि भाजला. शुक्रवारच्या बैठकीत ते मंजूर करायचं आणि त्याला उत्सवातून कायमचं काढून टाकायचं. खाली तीन सह्या. तिसरी तुझी.

अरे, लाज विकून खाल्लीस का? काजव्याबद्दल लिहितोस हे? जाळी विणणारा साधा माणूस. दरवर्षी आपल्या कामाला पहिली ठिणगी तो लावतो म्हणून सगळं गाव त्याला काजवा म्हणतं. अकरा वर्षं त्याने थेंबाला हात लावलेला नाही. शेवटची बाटली त्याने माझ्याच मोरीत ओतली, आणि नंतर तीन दिवस माझ्याच ओट्यावर थरथरत पडून होता. तुला हे माहीत आहे. माहीत असून सही केलीस.

तू विसरला असशील, नाहीतर विसरायचं ठरवलं असशील, म्हणून काय झालं ते लिहिते.

अठरा वर्षं तू चित्र काढतोस आणि मी ते लाकडात उभं करते. यंदा मांजर. बावीस फूट उंच, पुढचे पाय जुळवून समुद्राकडे पाठ करून बसलेलं, जसं काही आपल्या सगळ्यांवर रुसलंय. चित्र झकास होतं, ते नाकारत नाही. महिनाभर मी खोक्यांच्या फळ्या सोलत होते. पोट पोकळ ठेवलं, कान उघडे ठेवले, आणि वाऱ्याच्या बाजूला बुडाशी चार भोकं ठेवली. खालून हवा आत, वरून जाळ बाहेर. आधी डोळे पेटतात, मग कान, मग सगळ्या बरगड्या लालभडक दिसतात आणि शेवटी सगळं आतल्या आत बसतं. आपल्या कामात उभं करणं सोपं, नीट पाडणं अवघड. हे तुला मी शिकवलं, तुझ्या त्या कॉलेजने नाही.

उत्सवाच्या दिवशी दुपारी तू मासिकाच्या फोटोवाल्याला घेऊन आलास.

"ताई, ही काय उंदरांची बिळं?"

"मांजराच्या पोटात उंदीर नसतील तर काय हत्ती असतील?" काजवा म्हणाला. सगळे हसले. फोटोवालाही हसला. तू मात्र कानापर्यंत लाल झालास.

"ताई, तू आपल्या फळ्या ठोक. दिसण्यातलं तुला कळत नाही, ते माझ्यावर सोड."

चारचौघांत. अठरा वर्षांनंतर. मी हातोडी खाली ठेवली आणि जेवायला गेले. परत येईपर्यंत तू चारही भोकांवर प्लायवूड ठोकून वर केस रंगवले होतेस. काय सुरेख केस! पण मी आले तोवर उशीर झाला होता.

सूर्य टेकला, काजव्याने आग लावली. आणि मांजर पेटेना. कानांतून नुसता पिवळट धूर. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मांजर बिडी ओढतंय रे!" सगळा किनारा खिदळला. तू काजव्याच्या दंडाला धरून हलवलंस आणि म्हणालास, "नुसता बघत काय उभा राहिलास? कर की काहीतरी!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तू सांगितलंस म्हणून तो पहार घेऊन पुढे गेला. पहिलं प्लायवूड उचकटलं, आणि आत श्वासासाठी तडफडत असलेली आग एकदम बाहेर आली. उजवा हात कोपरापर्यंत.

मांजर मग छान जळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच ठरलेलं होतं. तुझा फोटोही छान आला असेल.

डॉक्टर म्हणतात कातडी येईल, पण दोन बोटं पूर्ण मिटणार नाहीत. जाळ्याची सुई धरायला तीच दोन लागतात. तो दिवसभर खिडकीशी बसून डाव्या हाताने गाठ मारायला बघतो. मी रोज डबा न्यायचे, घास भरवायचे. तो म्हणायचा, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" आणि मी डब्याला झाकण लावून निघून यायचे.

का, ते आता लिहायला हवं. मघाशी लिहिलं की उशीर झाला होता. खोटं आहे ते. मी जेवून आले तेव्हा तीन वाजले होते आणि आग साडेसहाला लागायची होती. करवत हातात होती. चार भोकं उघडायला पंधरा मिनिटं पुरली असती. मी तुझे रंगवलेले केस बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, राहू दे. सगळ्यांसमोर विझू दे. कुणाला काय कळतं ते दिसू दे एकदा. धूर निघाला आणि लोक हसले तेव्हा तोंड फिरवून मीही हसले. मला फक्त तुझी फजिती हवी होती. मध्ये दुसऱ्या कुणाचा हात येईल हे डोक्यात आलं नाही. चाळीस वर्षं आगीशी खेळणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

काल कचेरीतून थेट त्याच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याने डाव्या हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "त्याने भोकं बुजवली, तो अडाणी. तुम्हाला तर ठाऊक होतं." आणि डबा माझ्याकडे सरकवला. "उद्यापासून नको."

तेव्हा मी तुझ्यापेक्षा चांगली आहे असं समजून हे पत्र वाचू नकोस. मला तुझा राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. माझा मला आला आहे तो तर जाणारच नाही. पण कागद खोटा आहे, आणि तो मंजूर झाला तर त्या माणसाचा हात गेला तो गेलाच, वर नावही जाईल.

शुक्रवारी अकराला बैठक आहे. मी उभी राहून सगळं सांगणार आहे. भोकं कुणी बुजवली, पुढे कुणी पाठवलं, आणि कोण बघत राहिलं. तुझं नाव घेईन, माझंही घेईन, कुणालाच सूट नाही. तू येऊन आपली सही खोडलीस तर तुझ्या वाटचं मी बोलणार नाही, ते तू बोल. नाही आलास तर तेही मीच बोलेन, आणि मला बोलायला लागलं की आवरत नाही हे तू जाणतोस.

पुढच्या वर्षासाठी चित्र पाठवू नकोस.

तीन वाजता करवत घेऊन गप्प उभी राहिलेली,
तुझी ताई