मालूच्या नर्सिंगबद्दल

कोल्हापूर,
२१ मे १९७४

प्रिय अक्का,

तुला साष्टांग नमस्कार, मालूला आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडं ऊन असं की वॉर्डातल्या लोखंडी खाटांना हात लावता येत नाही. आजऱ्याला जरा बरं असेल.

तू विचारलंस, मालूला नर्सिंगला घालू का. घरात विरोध आहे, नर्सा म्हणजे वाया गेलेल्या बायका असं म्हणतात, हेही लिहिलंस. कोण म्हणतं ते लिहिलं नाहीस. लिहायची गरजही नव्हती.

आधी शिक्षणाचं सांगते. आमच्या पोरी शरीर शिकतात, औषधांची मात्रा शिकतात, बाळंतपणं शिकतात. पास झाल्यावर कुणी राधानगरीच्या आतल्या गावांत जातं. पावसात रस्ता बंद झाला की तिथं डॉक्टर पोचत नाही. बाई अडली तर हिनंच तपासायचं, अजून थांबायचं की डोलीत घालून हलवायचं ते हिनंच ठरवायचं. घरची दहा माणसं दहा गोष्टी सांगतात, त्यांच्यासमोर ठाम उभं राहायचं. मी वर्गात इंजेक्शनाच्याही आधी हे शिकवते.

आणि अशा पोरींना आमच्या संस्थेनं लग्नात शरबत वाटायला उभं केलं.

आमचे अध्यक्ष गणपतराव. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मेट्रनबाईंनी शेवटच्या वर्षाच्या पोरी गणवेशात पाठवल्या. पांढऱ्या साडीत शोभून दिसतात म्हणे. वॉर्ड तेवढा वेळ आयांच्या भरवशावर. मी विरोध केला तर म्हणाल्या, "अहो नंदिनीबाई, अध्यक्षांच्या घरचं कार्य म्हणजे आपलंच की." पोरींना एकट्या सोडवेना, म्हणून मीही गेले.

शेवंता नावाची माझी विद्यार्थिनी पुरुषांच्या बैठकीत तबक घेऊन गेली. एका पाहुण्यानं पेला घेतला नाही, तिचं मनगट धरलं. "नर्सबाई, आमची बी नाडी बघा की," म्हणाला. भोवतीचे हसले. तिनं हात ओढला, त्यानं सोडला नाही. दुसरा हात तिच्या कमरेवर ठेवला. मी धावत पोचेपर्यंत तिनं अख्खं तबक त्याच्या अंगावर उपडं केलं होतं.

अक्का, मी कुजलेल्या जखमा धुतल्यात. अळ्या चिमट्यानं वेचल्यात. रोग्याची ओकारी अंगावर घेतलीय आणि तीच साडी नेसून दिवसभर काम केलंय. मला कधी मळमळलं नाही. त्या दिवशी शरबतातल्या वेलदोड्याच्या वासानं मळमळलं. हसणाऱ्यांत आमचाच एक सर्जन होता. आता तो राउंडला आला की मला त्याच्या हातात हातमोजे द्यायचीही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी आम्हाला बोलावलं. पोरीनं पाहुण्याची माफी मागावी, नाहीतर नाव काढून टाका. तिची शेवटची परीक्षा तोंडावर.

शेवंता दाराशी उभी होती. "बाई, माझं काय चुकलं? माफी कशापायी मागू?"

मी म्हणाले, "ती मागणार नाही. आणि नाव काढलंत तर मी नर्सिंग कौन्सिलला लिहीन. पाहुण्याच्या नावासकट."

गणपतराव हसले. "पावणं कोण हायत ते तुम्हाला कुठं ठावं?"

"माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत," मी म्हणाले.

होय अक्का. भावोजी. कोट कशानं खराब झाला म्हणून त्यांनी तुला काय सांगितलं, ते तू लिहिलंच आहेस. म्हणे शरबत वाटणारी पोरगी धांदरट होती. मी समोर गेल्यावर त्यांनी मला ओळखलं. लाजतील असं वाटलं होतं. कोट झटकत म्हणाले, "नंदू, घरात बोलायचं न्हाय. तुझ्या अक्काला काय कळतंय ह्यातलं." मनगट धरलेलं पाहून आली नव्हती एवढी किळस मला त्या वाक्यानं आली. आणि तरी आठवडाभर मी त्यांचंच ऐकत गप्प बसले. तुझा संसार, असं स्वतःला सांगत. उशीर त्यामुळं.

गणपतरावांनी मग आम्हाला जायला सांगितलं. माफीचा विषय बंद झाला, शेवंता परीक्षेला बसते आहे. मला मात्र कालपासून शिकवण्यावरून काढून जनरल वॉर्डात टाकलंय. मेट्रनबाई समोरून आल्या तर भिंतीकडं बघत जातात. माझं काही बिघडलेलं नाही. पोरी वॉर्डात येतातच, रोग्याच्या उशाशी उभं राहून शिकवता येतं.

मालूला पाठव. इथं सगळे सज्जन आहेत असं मी आता तुला लिहू शकत नाही. पण तिथं राहिली तर नर्सा कशा असतात हे तिला रोज कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल, त्याचा विचार कर. अर्जावर आईची सही चालते. मी विचारून ठेवलंय.

हे वाचून जाळून टाक, असं शेवटी लिहिणार होते. लिहीत नाही. पत्र तुझं आहे. ठेव, दाखव, काय वाटेल ते कर. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, खोटं कळवलं म्हणून रागावू नयेस एवढंच.

दर पत्रात खाली भावोजींना नमस्कार लिहिते. या वेळी नाही.

तुझी,
नंदू