भंडारा उचलल्यावर

सिंगापूर, ८ जून २०२४

सौ. स्मिताताईस, रवीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दाजी न् मी एकाच खोलीत, फोनवरचं सगळं ऐकू जातं, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, सातवीनंतर पेन धरलंय कुठं.

ताई, अपघातानंतर गुडघा वाकतच नाही. एसी धुवायचं काम म्हणजे शिडी आली, आणि दुसऱ्या पायरीवरच मला घाम फुटतो. कंपनीच्या विम्याची भरपाई मिळाली. चूक कुणाची हे न विचारता देतात ती. दाजी म्हणाले, घे आणि गप बस. घेतली. पण त्यात पुढचं ऑपरेशन बसत नाही.

क्लेमेंटीला शुभदाताई म्हणून आपल्याकडच्याच आहेत, बँकेत असतात, त्यांच्या फ्लॅटचे एसी मी धुवायचो. त्यांनी वकील गाठून दिला. तो म्हणतो, भरपाई घेतली असली तरी आपल्या व्हॅनवर येऊन आदळलेल्या मोटारवाल्यावर दावा लावता येतो. मिळालंय तेवढं वजा होईल, पण पाय सरळ होईल. नाहीतर लंगडत घरी यायचं, आणि गावात लंगड्याला काम कोण देतंय?

फक्त साक्षीदार पाहिजे. मी व्हॅनमध्ये झोपलेलो, जागे होते ते चालवणारे दाजी. वकिलानं विचारलं, त्यांच्याकडून लेखी घेतलंस का? मला हसूच आलं. तुला आठवतं ना? हॉस्पिटलात व्हिडिओ कॉलवर तू होतीस, आई होती. तू पाठवलेल्या पुडीतला खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन दाजी बोलले, सिग्नल मोटारवाल्यानं तोडला, म्हणाल तिथं सांगेन. भंडारा उचलल्यावर कागद मागतो का कोण?

उत्तर शुभदाताईंच्या पत्त्यावर पाठव. लोभ पातळ करू नकोस.

तुझा रवी


नीरा, २३ जून

चि. रवीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी वाटलं, पाकिटात मुंग्या शिरल्या. मग कळलं, अक्षर आहे. तरी दोनदा वाचलं, आणि आईला दाखवलं नाही.

ह्यांच्याकडून लेखी घेतलं नाहीस ते बरंच केलंस. घरच्या माणसाला कुणी कागद मागतं का? मी फोनवर हळूच विषय काढला तर म्हणाले, कोर्टाची खाज कशाला त्याला. चिडले असतील, दमतात रे. आता सुपरवायझर झालेत, तू मला सांगितलंही नाहीस, लबाडा! यिशुनच्या एका कॉन्डोचं, म्हणजे बड्या सोसायटीचं, मोठं काम ह्यांनीच कंपनीला मिळवून दिलं म्हणे. तिथला मॅनेजर ह्यांना फार मानतो. मी पेढे वाटले.

वकिलाला बिनधास्त सांग, दाजी येतील. भंडाऱ्याला खोटा पडणारा माणूस नव्हे तो. गुडघा शेकत जा. आमची आठवण उशाशी ठेव.

तुझी ताई


सिंगापूर, १४ जुलै

सौ. ताईस, रवीचा नमस्कार.

पेढे वाटलेस, आता काय लिहू?

विक्रांत, दाजी लिहवत नाही आता, वकिलाकडे आला होता. म्हणाला, सिग्नल आठवत नाही, माझंच लक्ष नसेल. वकील माझ्याकडे बघतोय, मी भिंतीकडे. मग वकिलानंच फाईल फिरवून मोटारवाल्याचं नाव दाखवलं. ताई, तो तुझा यिशुनच्या कॉन्डोचा मॅनेजर.

खोलीवर आल्यावर विचारलं, दाजी, भंडारा उचलला होतात ना? हसला. म्हणाला, येड्या, हळद होती ती. खंडोबा काय विमानात बसून येतोय का इथं?

त्याच्याच ताटात जेवत होतो गं मी. हॉस्पिटलात त्यानं मला भरवलं होतं. तेव्हा तो खरं बोलत होता, हे तर जास्त लागतंय. आता तो यिशुनला जातो आणि मला बुकित पंजांगच्या गोडाऊनला झाडू मारायला सोडतो. जाताना हॉर्न वाजवतो, रोजच्यासारखा.

वकील म्हणतो, तेव्हा तो काय बोलला ते ऐकणारं दुसरं कुणी आहे का. मी अजून तुझं नाव घेतलेलं नाही. आईला यात ओढायचं नाही. राहिलीस तू. काय मागतोय ते मला कळतं. माझा पाय सरळ करायला तुझा संसार वाकवायचा का, हे मला ठरवता येत नाही. नाही म्हणालीस तरी मी दिवाळीला घरी आलो की ओवाळायला ये.

रवी


नीरा, २ ऑगस्ट

चि. रवीस, आशीर्वाद.

वकिलाला माझं नाव दे. ऐकलं तेवढंच सांगेन, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

सासूबाई बोलायच्या थांबल्यात. ह्यांनी फोनवर आधी समजावलं, मग दरडावलं, मग रडले. मी विचारलं, भंडारा उचलला होतात का नाही? तुला म्हणाले तेच मला म्हणाले. हळद होती.

लग्न झाल्यावर जेजुरीला मला उचलून घेऊन पायऱ्या चढले होते, तू मागनं शिट्ट्या मारत होतास. वर गेल्यावर भंडारा हातात घेऊन म्हणाले होते, स्मिता, तुला कधी फसवणार नाही. तुम्ही सगळे ओरडत होतात, म्हणून मलाच फक्त ऐकू आलं.

तेव्हा हातात काय होतं, हे विचारायच्या आत मी फोन ठेवला.

पायाला जप. माझी काळजी करू नकोस, माया तेवढी कर.

तुझी ताई