ओसाड म्हटलेली टेकडी

४ जानेवारी, रविवार
आजपासून टेकडी बचाव गटाचा सभासद. कॉलनीमागच्या टेकडीवर इथलंच मूळचं गवत आणि झुडपं थोडी शिल्लक आहेत. बाहेरून आलेलं तण त्यांना गिळत चाललंय. ते उपटायचं, एवढंच काम. गटात सतरा माणसं, नेता एकही नाही. वनस्पतिशास्त्राच्या रिटायर्ड बाई आहेत, पण त्या फारच हळू चालतात. दर रविवारी सकाळी सहाला हजर राहायचं. ठरलं.

११ जानेवारी
अलार्म वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, मी त्याला शिवी दिली. मला सर्दी झाल्याचा निरोप द्यायला ही टेकडीवर गेली, ती अकराला मातीने माखून परतली. म्हणाली, हात कमी पडत होते. चहा मलाच करून घ्यावा लागला.

१८ जानेवारी
गेलो! गटातले शिंपीकाका दोन तासांत वीतभर जागा साफ करतात. एकेक पान उलटून बघतात. तेवढ्यात मी आमच्या हॉलएवढी जागा लख्ख केली. याला म्हणतात झपाटा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
बाईंचा फोन. मी उपटलं ते मूळचं गवत. तीन वर्षं बी गोळा करून वाढवलेलं. राखलं ते तण. म्हणालो, कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात, बोर्ड लावायला हवे होते. बाईंनी फोन ठेवला. बहुधा पटलं असावं. हिने ताट जरा आवाज करून ठेवलं.

२२ जानेवारी
भरपाई म्हणून उद्यान खात्याला पत्र लिहिलं. टेकडी ओसाड पडली आहे, तरी त्वरित लक्ष घालावे. पंचवीस वर्षं ऑफिसात पत्रंच लिहितोय. जोरदार शब्दाशिवाय साहेबलोक हलत नाहीत. ही म्हणाली, आधी बाईंना दाखवा. म्हटलं, गवत त्यांचं खातं, पत्रव्यवहार माझं. टाकलं पोस्टात.

१३ फेब्रुवारी
पत्राचा परिणाम झाला. जरा जास्तच. टेकडी ओसाड असल्याने तिथे लॉन आणि कारंजं मंजूर! सोमवारी सपाटीकरणाचं मशीन येणार. तातडीची मीटिंग, तीही आमच्याच हॉलमध्ये. शिंपीकाकांनी विचारलं, ओसाड कुणी म्हटलं? मी पंख्याकडे बघत होतो. ही सरळ म्हणाली, ह्यांनी; मी अडवायला हवं होतं. घरचीच माणसं अशी, तर बाहेरच्यांना काय बोलायचं!

१५ फेब्रुवारी
उद्या मशीनपुढे आडवा होणार. काल ऑफिसात रजा टाकली. पेपरवाल्यांनाही कळवलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार
शर्टाला इस्त्री करण्यात वेळ गेला. पेपरवाले येणार, चुरगळलेला शर्ट बरा दिसत नाही. पोचलो तर आठ वाजून गेलेले. ही, बाई आणि शिंपीकाका सातपासून मशीनपुढे मांडी ठोकून बसलेले. ड्रायव्हर इंजिन बंद करून पेपर वाचतोय. तेवढ्यात खात्याचे साहेब आले. वाटलं, आता आपली गरज. पण ही त्यांना गुडघ्यांवर बसवून एकेक झुडूप दाखवायला लागली, नावासकट. हिला नावं कधी आली? साहेबांनी विचारलं, हे ओसाड कुठल्या गाढवाने लिहिलं? कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. ते जास्त लागलं. काम तिथल्या तिथे थांबलं. फोटोसाठी पुढे सरकलो तर बाई किंचाळल्या. बुटाखाली रोप होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
टेकडी आहे तशीच राहणार, असं लेखी आलं. पत्र हिच्या नावे. मी पहाटेच बूट घालून तयार. विचारलं, येऊ का? ही म्हणाली, आज रोपं मोजायचीत, पाऊल जपून टाकावं लागतं. झाडं जरा मोठी झाली की या तुम्ही. रागाने म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. मायेने म्हणाली. म्हटलं, बरं, मी कुकर लावून ठेवतो. तीन शिट्ट्या, ती जिन्यावरून म्हणाली.

आता कुकर लावलाय. दोन झाल्या की चार, लक्ष राहिलं नाही.