परसातली ताल

आत्याबाई,

तुमचा पुतण्या मागच्या महिन्यात वारला, म्हणून हे लिहायला बसले. त्या वर्षी तुम्हाला म्हसवडला न्यायला तो आपण होऊन आला नव्हता. मी कार्ड टाकून त्याला बोलावून घेतलं होतं. तुमच्या मुलाला, माझ्या नवऱ्यालाही, मी हे कधी सांगितलं नाही. पुतण्यानंही शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. आता हे ठाऊक असलेली मी एकटी उरले, तेव्हा सगळं एकदा क्रमानं लिहून काढते.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, मेंढरं विकली, आणि तुम्ही आमच्याकडं साताऱ्याला आलात. तुमच्या मुलाची इथं कचेरीत नोकरी, माझी शाळेत. घर माझ्या घड्याळावर चालायचं. स्टोव्हला तुम्ही भीत होता, आणि तुम्ही भांड्याला हात लावलात की मी म्हणायचे, 'राहू द्या, मी करते.' मला वाटायचं, मी तुम्हाला आराम देते आहे. दोन वर्षं तुम्ही मागच्या पायरीवर बसून काढलीत.

घर किल्ल्याच्या पायथ्याला, परस उतरतं. दर पावसाळ्यात आमची माती शेजारणीच्या दारात जाऊन पडायची आणि ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची, 'आली बाई मास्तरणीची जमीन माज्या नावावर!' शेवटी मी चौकटींच्या कागदावर नकाशा काढला. तीस फूट लांब, कमरेइतकी उंच दगडी भिंत. तिच्यामागं मुरूम आणि माती भरून सपाट जागा. त्यात भाजीचे वाफे. तुम्ही कागद उलटा धरून पाहिलात. 'ही तर ताल हाय, वावरात पानी-माती अडवायची,' म्हणालात. 'आमी जलमभर ह्याच घातल्या की. त्येला कागुद कशाला?'

मग बारा दिवस काम चाललं. तुम्ही पदर खोचून गवंड्याच्या मागं उभ्या. माझ्या नकाशात भिंत ओळंब्यात सरळ होती. तुम्ही म्हणालात, 'जरा डोंगराकडं रेलू दे रं तिला. वझं घेताना माणूस रेलतोच की.' दगडाची लांब बाजू आत घाला, चपट्या चिपा सांध्यात ठोका, असं तुमचं सुरूच. गवंडी वैतागून म्हणाला, 'म्हातारे, मग तूच ये की वर!' आणि तुम्ही खरंच वर चढलात. उत्तरेकडची दहा फूट भिंत तुमच्या हातची आहे. त्या बारा दिवसांत तुम्ही जेवताना दुसरी भाकरी मागून घेत होता. मला हे तेव्हाही दिसत होतं.

भिंतीच्या बुडाशी मी सात भोकं ठेवून घेतली, पाणी निघून जायला. त्यावर मी हटून बसले. माझं माहेर सांगलीचं, नदीकाठचं. ओसरीवर चढलेलं पाणी मी लहानपणी पाहिलेलं आहे. पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतः वाट काढतं. तुम्ही मात्र वाकून एकेक भोक पाहिलंत. संध्याकाळी एकदाच विचारलंत, 'पानी भाईर सोडायचं? कुनासाठी?' मी वह्या तपासत राहिले.

आषाढात झड लागली. पाचव्या दिवशी भिंतीला पोट सुटलं आणि सहाव्या दिवशी सकाळी मधला भाग मातीसकट शेजारणीच्या धुण्याच्या दगडावर कोसळला. ती नुकतीच बादली घेऊन आत गेली होती. मी वाकून पाहिलं. एकाही भोकातून पाणी येत नव्हतं. बोट घातलं तर आत तुडवलेली काळी माती, तिच्यामागं चिंध्यांचे बोळे. तुमच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या.

गवंडी, शेजारीण, तुमचा मुलगा, सगळे चिखलात उभे होते. मी विचारलं, 'ही भोकं कुणी बुजवली?'

'म्या,' तुम्ही म्हणालात. 'भाईर चाललेलं बघवंना, पोरी. पयल्या सरीतच बुजवली.'

'हा तुमचा माणदेश नव्हे. इथं तुमचं शहाणपण चालायचं नाही. तुमच्यापायी आज माणूस मेलं असतं.'

तुमचा मुलगा पायांकडं बघत राहिला. शेजारीण, एरवी तोंडाळ, तीच म्हणाली, 'जाऊ दे की गं, म्हातारं माणूस हाय.' तुम्ही पहार घेतलीत आणि उरलेली भोकं एकेक करून मोकळी केलीत. मी थांबवलं नाही. त्याच दुपारी कार्ड लिहिलं: 'आत्याबाईंना गावाची ओढ लागली आहे. येऊन घेऊन जावे. मी लिहिल्याचे बोलू नये.'

मी बोलले ते खोटं नव्हतं, हे आजही माझं मत आहे. भोकं बुजवली म्हणून भिंत पडली. पण तुमच्या गावात पाऊस वर्षातून मोजून चार वेळा येतो आणि तो अडवला नाही तर जेवायला मिळत नाही, हे मला नकाशा काढताना ठाऊक होतं. दोन वाक्यांत समजावून सांगता आलं असतं. शाळेत मी पन्नास मुलींना रोज समजावत होते. आणि भिंत पडली नसती तरी तुम्ही त्या घरात किती दिवस राहावं असं मला वाटत होतं, याचं उत्तर मी स्वतःला दिलेलं नाही. गवंड्यानं नव्यानं बांधलेला भाग पुढं दोनदा उतरवावा लागला. तुमची दहा फूट अजून हललेली नाहीत.

आठ दिवसांनी पुतण्या दारात. 'काकी, वावर पडून हाय. तू आल्याबिगर जमायचं न्हाई. चल.' तुमचा चेहरा मी पाहिला. आळीतल्या चार घरी तुम्ही जाऊन सांगून आलात, 'मला न्यायला मानूस आलाय. माझ्याबिगर अडलंय त्येंचं.' तीन वर्षांनी तुम्ही तिकडंच डोळे मिटलेत. तोवर मी एकदाही आले नाही.

स्टँडवर तुम्ही मला बाजूला घेतलंत. 'ह्यो आला नसता तर म्या गेले नसते हां. भित नीट करून दिली असती तुला.'

मी 'हो' म्हणाले.

गाडी लागली. पुतण्याच्या हाती मी दिलं ते असं: पत्र्याची ट्रंक, घोंगडं, गुडघ्याच्या तेलाची बाटली, वाटेसाठी बांधलेल्या चार भाकरी, आणि पायरी उंच होती म्हणून, तुमचा हात.