मीच माझा साहेब

१ जुलै, सकाळी ९
सुटलो! बावीस वर्षं एकाच कंपनीच्या ॲडमिनमध्ये घासली. आजपासून स्वतंत्र सल्लागार. निरोपाच्या भाषणात ठणकावून सांगितलं, या इमारतीची पायरी पुन्हा चढणार नाही. सगळे खाली बघत समोसे खाऊ लागले. गहिवरले असावेत. गेटपासून कँटीनपर्यंतचे नियम मीच लिहिलेले. माझ्यावाचून त्यांचं कसं होणार, देव जाणे.
बायकोची एकच अट: सप्टेंबरअखेर एक तरी क्लायंट, नाहीतर तिच्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. हसून हो म्हटलं.

१४ जुलै
ऑफिस: बेडरूम. टेबल: इस्त्रीचं. इस्त्री चालू असली की मी मीटिंग रूममध्ये, म्हणजे बाल्कनीत. केस कापायला जायचं होतं. सवयीने बायकोला हाफ डेचा मेल टाकला. तिने नामंजूर केला. प्लंबर यायचा होता.

९ ऑगस्ट
सात जुने सहकारी ‘बघतो’ म्हणाले. क्लायंटची पाइपलाइन भक्कम. आई शेजारणीला सांगत होती, मुलगा आजारपणाच्या रजेवर आहे. तिला नीट समजावलं. ती म्हणाली, बरं बरं, औषध घेतलंस का?

२ सप्टेंबर
घरीच तर आहेस, या सबबीवर आज बँक, इस्त्रीवाला आणि लेकीचा प्रोजेक्ट. स्वतंत्र माणसाला मान वर करायला फुरसत नाही.
मेहुणा येऊन माझ्या शर्टाचं माप घेऊन गेला. दुकानाला युनिफॉर्म आहे म्हणे. बाथरूममध्ये दहा मिनिटं नुसता बसलो. तिथे तेवढं कुणी काम सांगत नाही.

२६ सप्टेंबर
देव आहे! जुन्या साहेबांचा फोन. माझी खुर्ची अजून रिकामी, कामं अडलीत, सल्लागार म्हणून येतोस का. लगेच हो म्हटलं नाही. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. वर अट घातली, वेळ माझ्या सोयीची. ते म्हणाले, साडेनऊ. मलाही तीच सोयीची होती.
पायरीचं म्हणाल तर लिफ्टने जाईन.

२९ सप्टेंबर, सकाळी ९.२५
गेट. वॉचमन नवा. भिंतीवरचा नियम दाखवला: ज्याला भेटायचं त्याने फोन उचलला तरच वर सोडायचं. तोवर लायसन्स जमा, त्याच्या सहीशिवाय परत नाही. नियमाखाली सही माझीच.
ॲडमिनला जायचंय म्हटलं. त्याच्या यादीत ॲडमिनपुढे अजून माझंच नाव. त्याने माझ्या टेबलाचा फोन लावला.

१०.४०
कुणी उचलत नाही. जुने साहेब मीटिंगमध्ये, मोबाइल बंद. वॉचमनला सांगितलं, अहो, तो माणूस मीच. लायसन्सवरचं नाव वाचा. त्याने वाचलं. म्हणाला, मग वर जाऊन फोन उचला, लगेच सोडतो.

१२.१५
मेहुण्याचा मेसेज. शर्ट शिवून आलाय.
वर जाता येत नाही, लायसन्सशिवाय गाडी घेऊन घरीही जाता येत नाही. वॉचमनला दया आली, त्याने आपल्यातला अर्धा चहा दिला. पुन्हा एकदा माझ्या टेबलाचा फोन लावून पाहिला. मग विचारलं, हे साहेब नेहमी असेच का हो?
म्हटलं, नाही. पूर्वी कायम जागेवर असायचे.